शेक संपला, आता पुढे काय? मराठवाड्यातल्या कॅन्सर रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

शेवटचा शेक, म्हणजे रेडिएशन, झाला की घरच्यांना वाटतं, सुटलो एकदाचे. सोयरे भेटायला येतात, कुणी नारळ फोडतं. आणि नेमके त्यानंतरचे दहा-पंधरा दिवस सगळ्यात जड जातात. तोंड आणखी सोलतं, कातडी आणखी काळी पडते, उठून बसायचं त्राण राहत नाही. मग जीव घाबरा होतो. आजार परत आला का? शेक चुकीचा बसला का? हॉस्पिटल दोनशे-पाचशे किलोमीटर लांब, पुढची तारीख महिन्यानंतरची, आणि गावात ज्याला त्याला एकेक औषध ठाऊक. मशीन थांबल्यापासून पहिल्या तपासणीपर्यंतच्या या काळात आपल्याकडची माणसं सगळ्यात जास्त भरकटतात. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

मी परभणी जिल्ह्यातला. माझ्या जिभेच्या कडेला गाठ होती. ऑपरेशन झालं आणि नंतर जबड्याला व गळ्याला शेक घेतला. त्यामुळे तोंड-गळ्याबद्दल लिहिलेलं अंगावर काढलेलं आहे. गर्भपिशवीच्या आणि स्तनाच्या आजाराबद्दल लिहिलं आहे ते सोबत उपचार घेणाऱ्या माय-बहिणींकडून आणि डॉक्टरांना विचारून. तुमच्या फाईलवर डॉक्टरांनी लिहिलेलं आणि इथलं यात फरक पडला, तर फाईलवरचंच धरा.

१. हॉस्पिटल सोडण्याआधी कागद हातात घ्या

नुसतं डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. रेडिएशन विभागाकडून ‘ट्रीटमेंट समरी’ मागून घ्या. तिच्यात शरीराच्या कोणत्या भागाला शेक दिला, एकूण किती ग्रे (हे किरणांच्या डोसाचं माप), किती वेळा, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणत्या मशीनवर, हे सगळं असतं. तोंड-गळ्याच्या रुग्णांना बहुधा ६० ते ७० ग्रे, ३० ते ३५ वेळांत विभागून देतात. गर्भपिशवीच्या मुखाच्या आजारात बाहेरून साधारण ४५ ते ५० ग्रे आणि वर आतला शेक, म्हणजे ब्रॅकीथेरपी. हे आकडे तुम्हाला पाठ व्हायची गरज नाही. पण दहा वर्षांनी एखादा दाताचा डॉक्टर किंवा सर्जन विचारेल तेव्हा ते कागदावर असले पाहिजेत, कारण एकदा शेक दिलेल्या जागेला पुढे काय करता येतं आणि काय नाही, हे त्या आकड्यावर ठरतं.

फाईलमध्ये एवढं असू द्या:

- बायोप्सीचा रिपोर्ट आणि ऑपरेशन झालं असेल तर त्याचा मोठा रिपोर्ट
- बायोप्सीच्या काचपट्ट्या आणि मेणाचा ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा), किंवा ते कुठे जमा आहेत त्याची पावती
- ट्रीटमेंट समरी, केमो झाली असेल तर औषधांची नावं आणि तारखा
- सीटी, एमआरआय, पेट स्कॅनच्या सीडी (नुसता छापील रिपोर्ट नको, सीडीही हवी)
- रक्ताचे शेवटचे रिपोर्ट, चालू गोळ्यांची यादी
- आधार, रेशन कार्ड, योजनेच्या मंजुरीचे कागद
- पुढच्या तपासणीची तारीख लिहिलेला कागद आणि ओपीडीचा फोन नंबर

ब्लॉक हे मेण आहे. मे महिन्यात पत्र्याच्या घरात, छताला लागून ठेवलेल्या पेटीत तो टाकू नका. घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवा. प्रत्येक कागदाचा फोटो काढून दोन माणसांच्या मोबाईलमध्ये असू द्या, एक घरातलं आणि एक बाहेरगावी राहणारं.

२. पहिला महिना: कातडी, तोंड आणि थकवा

शेकाचा परिणाम मशीन बंद झालं त्या दिवशी थांबत नाही. कातडी आणि तोंडाची आतली बाजू यांचा त्रास शेक संपल्यानंतरही आठ-दहा दिवस वाढतो, मग उतरायला लागतो. बहुतेकांची कातडी चार ते सहा आठवड्यांत भरून येते. हे आधी माहीत असलं की निम्मी भीती जाते.

शेकाच्या जागेवर हॉस्पिटलनं दिलेल्या मलमाशिवाय काहीही लावू नका. हळद नको, चुना नको, झाडपाल्याचा लेप नको, बाम नको. साधं कोमट पाणी ओतून धुवा, सुती कापडानं टिपून घ्या, चोळू नका. मानेला शेक असेल तर वस्तऱ्यानं दाढी करू नका, करायचीच झाली तर इलेक्ट्रिक मशीननं. आपल्याकडचं ऊन हा वेगळाच विषय आहे. शेकलेली कातडी पुढे कायम उन्हाला नाजूक राहते. बाहेर पडताना मऊ सुती उपरणं किंवा पदर सैल गुंडाळा. एप्रिल-मे मध्ये सकाळी दहा ते संध्याकाळी पाच वावरात जाणं पहिल्या वर्षी टाळाच. फवारणी आणि मळणीची धूळ, दोन्हींपासून लांब राहा.

तोंडासाठी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा घाला आणि दर दोन-तीन तासांनी गुळण्या करा. पाणी रोज नवीन करा. जाहिरातीतले झोंबणारे माउथवॉश नकोत, त्यांतल्या बऱ्याचशांत अल्कोहोल असतं आणि ते तोंड आणखी कोरडं करतं. तोंडात पांढरा थर दिसला तर बहुधा बुरशी असते. तिच्यावर औषध आहे, डॉक्टरांना फोटो पाठवा.

थकवा मात्र हट्टी असतो. काही जणांचा महिन्यात जातो, काही जणांना सहा महिने लागतात. तो आळस नाही. दिवसभर बाजेवर पडून राहिल्यानं तो कमीही होत नाही. सकाळी उन्हं तापायच्या आधी दहा मिनिटं चाला, मग पंधरा करा, मग वीस. दुपारी अर्धा-पाऊण तास झोप पुरे.

आणि एक गोष्ट घरच्यांसाठी, शेजाऱ्यांसाठी, सगळ्यांसाठी. बाहेरून शेक घेतलेल्या माणसाच्या अंगात किरणं राहत नाहीत. मशीन बंद, किरण बंद. ब्रॅकीथेरपीतही नळ्या काढल्या की आत काही उरत नाही. लेकरू मांडीवर घेता येतं, एका ताटात जेवता येतं, एका खोलीत झोपता येतं. माझा चहाचा कप एका ओळखीच्या घरी वेगळा ठेवलेला मी पाहिला आहे. राग त्या माणसांचा येत नाही, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. तुम्ही सांगा. (थायरॉईडच्या कॅन्सरला आयोडीनचं किरणोत्सारी औषध पोटातून देतात, तिथे काही दिवस अंतर ठेवावं लागतं. तो उपचार वेगळा, त्याच्या सूचना हॉस्पिटल लिहून देतं.)

३. खाणं: चव नाही म्हणून थांबू नका

तोंड-गळ्याच्या शेकानंतर जिभेला चव राहत नाही. काहींना सगळं लाकडासारखं लागतं, काहींना सगळं कडू. चव एक-दोन महिन्यांनी हळूहळू यायला लागते आणि पूर्ण यायला कधी वर्षही लागतं. लाळ त्याहून उशिरा सुधारते, आणि काहींची आधीसारखी कधीच होत नाही. त्यामुळे जिभेला विचारून जेवायचं नाही, घड्याळ बघून जेवायचं. दर दोन-अडीच तासांनी थोडं.

भाकरी सुटली म्हणून आपला माणूस खचतो. पण भाकरी सोडायची गरज नसते, पद्धत बदलायची असते. कोरडा पापुद्रा टाळूला चिकटतो आणि खाली उतरत नाही. म्हणून तव्यावरून उतरलेली मऊ ज्वारीची भाकरी कडा काढून बारीक कुस्करायची, तिच्यावर गरम दूध किंवा तुरीचं पातळ वरण घालून दहा मिनिटं झाकून ठेवायची आणि वरून चमचाभर तूप. बाजरीची भाकरी थोडी पुढे ढकला, ती जास्त टोचते. दुधात शिजवलेल्या ज्वारीच्या कण्या, नाचणीची खीर, मऊ खिचडी, अर्धवट उकडलेलं नव्हे तर पूर्ण शिजलेलं पण दुधात कालवलेलं अंडं, पनीर, डाळीचं गाळलेलं पाणी नाही तर घोटलेली डाळ. शेंगदाण्याचं कूट अगदी बारीक करून दुधात फिरवलं तर चांगली ताकद मिळते, नुसतं कूट घशाला चिकटतं. येसरची आमटी, ठेचा, लिंबाचं लोणचं यांना काही महिने थांबायला सांगा.

पाण्याची बाटली सदैव हाताशी. मोठे घोट नाहीत, दर थोड्या वेळानं एक घोट. रात्री उशाशी तांब्या ठेवा, कोरड पडून झोप मोडतेच. फार गोड आणि चिकट पदार्थ घोळवत बसू नका, लाळ नसताना दात झपाट्यानं किडतात.

आठवड्यातून एकदा एकाच काट्यावर वजन करा आणि वहीत लिहा. दोन आठवड्यांत दोन किलो घटलं तर तपासणीच्या तारखेची वाट बघू नका, फोन करा. नाकातून नळी असेल तर ती कंटाळून स्वतः काढू नका. तोंडानं पुरेसं जातंय हे डॉक्टरांनी बघितल्यावरच ती निघते. पाणी पिताना दर वेळी ठसका लागत असेल, तेही सांगा. घास श्वासनळीत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो आणि तो ताप म्हणून गावात इंजेक्शनावर निघतो.

बीपी-शुगरच्या गोळ्या आधीपासून चालू असतील तर वजन उतरल्यावर तो डोस जड होऊ शकतो. उठल्यावर चक्कर येत असेल, घाम फुटत असेल तर गोळ्यांचा डोस तपासून घ्या.

४. तोंड उघडण्याचा व्यायाम रोज, वर्षानुवर्षं

हा भाग बहुतेक जण सोडून देतात आणि पुढे त्याचीच शिक्षा भोगतात. शेकानं जबड्याचे स्नायू आत कडक होत जातात. पहिल्या महिन्यात तोंड नीट उघडतं म्हणून माणूस निर्धास्त राहतो, आणि सहा महिन्यांनी चमचाही आत जात नाही. गुटख्यानं आधीच तोंड आखडलेलं असेल तर हे आणखी लवकर होतं.

मोजायची सोपी रीत म्हणजे स्वतःची तीन बोटं, तर्जनी, मधलं आणि अनामिका, उभी एकावर एक धरून पुढच्या दातांमध्ये घालून बघा. तीन सहज गेली तर ठीक. अडीचवर आलं तर व्यायाम वाढवा. दोनच जात असतील तर फिजिओथेरपिस्टकडे जा.

व्यायामाला महागडं उपकरण लागत नाही. डॉक्टर घसा बघायला वापरतात त्या लाकडी पट्ट्या मेडिकलमध्ये मिळतात. माझं रोजचं असं असतं. आधी कोमट पाण्याच्या फडक्यानं दोन्ही गाल पाच मिनिटं शेकायचे. (नाजूक कातडी भरून आल्यानंतरच, आणि फडकं कोमट. शेकलेल्या जागेला चटका लवकर कळत नाही.) मग जेवढ्या पट्ट्या सहज मावतात तेवढ्यांची चवड दातांत धरायची आणि तीस सेकंद थांबायचं. मग मधे आणखी एक पट्टी हळूच सरकवायची. ती शेवटची पट्टी आत जाताना कानापुढच्या सांध्यात ताण जाणवतो, तेवढाच हवा. कळ आली तर मागे. असं पाच वेळा, दिवसातून तीन-चारदा. किती पट्ट्या मावल्या ते वहीत लिहायचं. एखाद्या आठवड्यात एक पट्टी कमी झाली की लगेच कळतं.

मान डावी-उजवी, वर-खाली फिरवणं आणि खांदे गोल फिरवणं हेही रोज. गळ्याचं ऑपरेशन झालं असेल तर खांदा उतरतो, हात वर जात नाही. त्याचा व्यायाम फिजिओकडून शिकून घ्या. गिळण्याचा व्यायामही असतो, जीभ दातांमध्ये हलकी धरून आवंढा गिळणं वगैरे. तो एकदा समोर बसून शिका, वाचून नीट जमत नाही.

दोन-तीन महिन्यांनी हनुवटीखाली थलथलीत सूज येते. सकाळी जास्त, दिवस चढेल तशी कमी. ती बहुधा साठलेल्या लसिकेची (लिम्फ नावाच्या अंगातल्या पातळ द्रवाची) असते आणि मसाजनं उतरते. उशी थोडी उंच घ्या. पण एकाच जागी कडक, वाढत जाणारी गाठ लागली तर ती वेगळी गोष्ट, ती लगेच दाखवा.

५. दात काढण्याआधी थांबा

जबड्याला शेक झालेल्या माणसानं तालुक्याच्या ठिकाणी जाऊन दात काढून घेऊ नये. या संपूर्ण लेखातली एकच ओळ लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. शेकानं जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो. दात काढलेला खड्डा भरत नाही, हाड उघडं पडतं, सडायला लागतं, आणि कधी जबड्याचा तुकडा काढावा लागतो. हा धोका वर्ष-दोन वर्षांनी संपत नाही, जन्मभर राहतो.

दाताच्या डॉक्टरांना खुर्चीत बसण्याआधी ट्रीटमेंट समरी दाखवा. भरणं, रूट कॅनाल, साफसफाई ही कामं बहुधा करता येतात. काढायचाच झाला तर आधी कॅन्सर हॉस्पिटलच्या दंतविभागाशी बोलून. आणि वेळ तिथवर येऊ नये म्हणून दिवसातून दोनदा मऊ ब्रश, फ्लोराईडची पेस्ट, दर सहा महिन्यांनी दात तपासणी. डॉक्टरांनी फ्लोराईड जेल लिहून दिलं असेल तर ते रोज लावा. राखुंडी आणि मशेरी बंद. कवळी टोचत असेल तर घासून दुरुस्त करून घ्या, जखम घेऊन फिरू नका.

६. तपासणीच्या तारखा

पहिली भेट साधारण महिना-दीड महिन्यानं. त्यानंतर तोंड-गळ्याच्या रुग्णांना पहिली दोन वर्षं दर दोन-तीन महिन्यांनी, तिसऱ्या ते पाचव्या वर्षी दर सहा महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा बोलावतात. इतर आजारांत थोडा फरक असतो. पहिल्या दोन वर्षांचं एवढं महत्त्व अशासाठी की आजार परतायचा असेल तर बहुधा याच काळात परततो, आणि लवकर सापडला तर काही करता येतं. “आता काही त्रास नाही, कशाला जायचं, सोयाबीन काढायला आलंय” म्हणत दोन तारखा चुकवणारे पुष्कळ बघितले. तारीख सुगीत येत असेल तर ओपीडीला फोन करून आठ दिवस पुढे-मागे करून घ्या. सोडू मात्र नका.

घाईनं खासगी स्कॅन करू नका. शेकानंतर आतली सूज उतरायला वेळ लागतो आणि तोवर पेट स्कॅनमध्ये ती जागा आजारासारखीच चमकते. म्हणून पेट स्कॅन साधारण बारा आठवड्यांनी करतात. काळजीपोटी महिन्यातच केलेल्या स्कॅननं पैसे जातात आणि घरात रडारड होते ती वेगळीच.

मानेला शेक झाला असेल तर थायरॉईडची टीएसएच तपासणी दर सहा ते बारा महिन्यांनी. शेकानं थायरॉईड मंदावतं, कधी बऱ्याच वर्षांनी. सुस्ती, थंडी वाजणं, बद्धकोष्ठता, उदास वाटणं, अंगावर सूज, ही लक्षणं ‘शेकाची कमजोरी’ म्हणून अंगावर काढली जातात. ही रक्ततपासणी तालुक्यातल्या लॅबमध्येही होते आणि औषध म्हणजे रोजची एक छोटी गोळी.

तपासणीला जाताना प्रश्न वहीत लिहून न्या. ओपीडीत दोन मिनिटं मिळतात आणि डॉक्टर समोर आले की सगळं विसरायला होतं. सोबत घरातला असा माणूस न्या जो ऐकून लिहून घेईल.

७. बायकांसाठी

हे आपल्याकडे कुणी उघड बोलत नाही, म्हणून स्पष्ट लिहितो. घरातल्या पुरुषांनीही वाचावं.

गर्भपिशवीच्या मुखाच्या शेकानंतर योनीमार्ग आखडतो आणि चिकटू शकतो. मग डॉक्टरांना आतून तपासताही येत नाही. हे टाळण्यासाठी डायलेटर नावाची गुळगुळीत नळी वापरायला देतात, ती कधीपासून आणि कशी वापरायची ते नर्सबाईंना विचारा. विचारण्यात काही लाज नाही, त्या रोज शिकवतात. डॉक्टरांनी तपासून हो म्हटल्यावर नवरा-बायकोचे संबंध ठेवता येतात. त्यानं नवऱ्याला कॅन्सर होत नाही आणि बाईचा आजारही परत येत नाही. तरुण बाईची पाळी कायमची जाते, अंगातून वाफा निघतात, हाडं ठिसूळ होतात. यावरही उपचार आहेत.

सहा महिने ते दोन वर्षांनी कधी शौचातून किंवा लघवीतून रक्त जातं. बऱ्याचदा ते शेकानं आतडं किंवा मूत्राशय नाजूक झाल्यामुळे असतं, पण नेमकं कारण कॅन्सर हॉस्पिटलमध्येच ठरलं पाहिजे. मूळव्याध समजून गावात कुणाकडून क्षारसूत्र, इंजेक्शन किंवा कापाकापी करून घेऊ नका, शेकलेल्या जागेची जखम भरत नाही.

स्तनाच्या ऑपरेशन-शेकानंतर त्या बाजूच्या हाताला सूज येऊ शकते. आपल्या भागात कापूस वेचताना बोंडाच्या टोकदार पाकळ्यांनी बोटं फाटतात. ती बारीक चीरसुद्धा त्या हातात जंतू शिरायला पुरते. वेचणीला हातमोजे घाला, चीर पडली तर धुवून मलम लावा. हात लाल, गरम होऊन ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना. ब्लाऊजची बाही आणि बांगड्या सैल ठेवा, हाताचा व्यायाम सोडू नका. मॅमोग्राफी शेक संपल्यानंतर साधारण सहा ते बारा महिन्यांनी, मग दर वर्षी.

८. कुठे जायचं, कसं जायचं, पैसा कुठून

जिथे शेक झाला तिथेच तपासणी सगळ्यात चांगली, कारण जुने स्कॅन आणि शेकाचा नकाशा त्यांच्याकडे असतो. पण दर दोन महिन्यांनी मुंबई परवडत नसेल तर डॉक्टरांना सरळ सांगा. छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय आपल्या विभागाचं आहे. धाराशिव-बीडकडच्या लोकांना बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल जवळ पडतं. एक तपासणी जवळ आणि एक मुंबईला असं आलटून-पालटूनही ठरवता येतं. त्यासाठी डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या.

रेल्वेत कॅन्सर रुग्णाला उपचारासाठी आणि तपासणीसाठीही सवलत आहे. स्लीपर आणि थ्री-एसीत रुग्णाचं भाडं माफ, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सूट. हॉस्पिटलमधून रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यातला सही-शिक्क्याचा दाखला घ्या आणि तो घेऊन आरक्षण खिडकीवर जा. हॉस्पिटल सोडतानाच पुढच्या तारखेचा दाखला मागा, नंतर त्या एका सहीसाठी पुन्हा चक्कर पडते. नांदेड, परभणी, जालन्याकडून देवगिरी, नंदीग्राम, तपोवन सोयीच्या आहेत. एसटीतही कॅन्सर रुग्णांना सवलत आहे, आगारात चौकशी करा. टाटाला जाणाऱ्यांना दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा स्वस्तात आसरा देते. फाईल सोबत हवी, आणि गर्दी असते म्हणून आधी फोन करून निघा.

महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. तपासण्यांपैकी काय बसतं आणि काय नाही, हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला पैसे भरण्याआधी विचारा, नंतर नाही. घरची परिस्थिती फारच हलाखीची असेल तर संजय गांधी निराधार अनुदान योजनेत कॅन्सर रुग्ण बसतात. तहसीलला अर्ज करावा लागतो, सोबत उत्पन्नाचा आणि रहिवासाचा दाखला आणि सरकारी डॉक्टरांचं आजाराचं प्रमाणपत्र.

९. तंबाखू, गुटखा, दारू

शेक झाला म्हणजे तोंड नवीन झालं असं नाही. तंबाखू चालू राहिली तर आजार परतण्याचा धोका वाढतो आणि तोंडात किंवा घशात दुसरा नवा कॅन्सरही होऊ शकतो. भरायला आलेली जखमही भरत नाही. सगळ्यात अवघड जातं ते पारावर. जुना मित्र सवयीनं चुना मळून हात पुढे करतो. त्याला एकदा बाजूला घेऊन नीट सांगा, बहुतेक जण मग तुमच्यासमोर डबीसुद्धा काढत नाहीत. एकट्यानं सुटत नसेल तर सरकारची मोफत मदत फोनवर मिळते, १८००-११-२३५६. दारूही नको, ती शेकलेल्या घशाला जाळते आणि धोका वाढवते.

१०. तारखेची वाट न बघता निघायचं कधी

- तोंडातली, जिभेवरची जखम तीन आठवड्यांत भरत नसेल
- मानेत, काखेत, जांघेत नवी कडक गाठ
- तोंडातून, शौचातून, लघवीतून, अंगावरून रक्त
- गिळणं अचानक बिघडलं, आवाज बसून राहिला, एका कानात सतत ठणका
- जबड्याचं हाड उघडं दिसणं, पू येणं
- कारण नसताना वजन घटणं, आठवडे टिकणारा खोकला, एकाच हाडात रात्री वाढणारी वेदना
- श्वास घेताना घरघर किंवा धाप (यात तासाचाही उशीर नको, १०८ ला फोन करा)

यांतलं काही झालं म्हणजे कॅन्सर परतलाच असं नाही. पण हे ठरवायचं काम गावातल्या इंजेक्शनचं नाही.

११. मनाचं आणि घरच्यांचं

तपासणीच्या आधीचे आठ दिवस झोप लागत नाही. हे जवळजवळ सगळ्यांचं होतं, अगदी धट्ट्याकट्ट्या माणसाचंही. उपचार चालू असताना रोज डॉक्टर दिसायचे, आता कुणी नाही, त्यामुळे प्रत्येक दुखण्यात कॅन्सरच दिसतो. उदासी दोन-तीन आठवड्यांहून जास्त राहिली, खाणं-बोलणं सुटलं, जगण्याचा कंटाळा आला, तर टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनच्या १४४१६ या नंबरवर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. बायको किंवा लेक, जी कुणी रात्रंदिवस सेवा करते, तिनंही तिथे बोलावं. तिला कुणी विचारत नाही.

भेटायला येणाऱ्यांनी “अमक्याला पण हाच होता, गेला बिचारा” हे रुग्णासमोर बोलू नये. घरच्यांनी दारातच तेवढं सांगून ठेवावं.

१२. पाच वर्षं झाली की

पाच वर्षं नीट गेली की डॉक्टर तपासण्या वर्षातून एकदा करतात. फाईल तेव्हाही टाकू नका. थायरॉईडची तपासणी, दातांची काळजी आणि तोंडाचा व्यायाम चालूच राहतो. कोणत्याही नव्या डॉक्टरकडे, अगदी साध्या ऑपरेशनसाठी किंवा भूल देण्याआधीही, पहिल्यांदा सांगायचं की अमुक जागेला, अमुक साली शेक झाला आहे. तोंड कमी उघडत असेल तर भूलतज्ज्ञाला ते आधी कळलंच पाहिजे, कारण श्वासाची नळी घालायला त्याला वेगळी तयारी करावी लागते. घरातल्या एका तरी तरुण माणसाला फाईल कुठे आहे आणि तिच्यात काय काय आहे, हे दाखवून ठेवा.